आईचं क्रिएटिनिन 'नॉर्मल', मग ईजीएफआर ५५ कसा?

निवांत_दुपार
१२ जानेवारी २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

आईचं वय ६८, वजन ४७ किलो. साताऱ्याला असते. बीपी बारा वर्षं, शुगर नऊ वर्षं, दोन्ही गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात. गेल्या आठवड्यात भावाने घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचं 'फुल बॉडी' पॅकेज तिच्यासाठी बुक केलं. बहात्तर तपासण्या, दोन दिवसांनी सतरा पानांची पीडीएफ. आई म्हणाली, "माझ्या लग्नाची यादीसुद्धा एवढी मोठी नव्हती."

सोळा पानं ठीक आहेत, किडनीच्या पानावर अडकलोय. जसंच्या तसं उतरवते:

ब्लड युरिया ४४ (मर्यादा १७ ते ४३)
बीयूएन २०.६
क्रिएटिनिन १.१ (मर्यादा ०.६ ते १.१)
ईजीएफआर ५५, ठळक अक्षरात, शेजारी खाली जाणारा बाण
सोडियम १३८
पोटॅशियम ५.३, वर जाणारा बाण

क्रिएटिनिन मर्यादेत आहे, मग ५५ कुठून आले? शेजारचे काका म्हणाले ५५ म्हणजे ५५ टक्के, उरलेली किडनी गेली. तेव्हापासून आईने डाळ बंद केलीय आणि भाजी मोजून वाढून घेतेय. भाऊ म्हणतो लॅबचा घोळ आहे. आमचे डॉक्टर बाहेरगावी गेलेत. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

चकलीचा_सोऱ्या
१२ जानेवारी, रात्री ११:०५

आईंची काळजी घ्या. माहिती नाही, पण आमच्या घरीही हेच पान ठळक येतं. वाचनखूण साठवतोय.

आनंदी_आनंद
१२ जानेवारी, रात्री ११:१८

कोथिंबिरीची जुडी धुऊन चिरून पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळून रोज एक ग्लास. किडनी आतून स्वच्छ होते. आमच्या ग्रुपवर आलेलं, अनुभवी लोक आहेत.

सातबारा
१२ जानेवारी, रात्री ११:२४

ही जुडी मी पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हापासून उकळतेय, अजून गळली नाही. पोटॅशियम ५.३ आलेल्या बाईंना पालेभाजीचा अर्क पाजायला सांगताय, जरा वरचं वाचा तरी.

परीक्षानळी
१३ जानेवारी, सकाळी ७:५०

एकोणीस वर्षं लॅबच्या आतल्या बाजूला काढलीत, तेव्हा आमच्या बाजूचं सांगतो. डॉक्टरांचं डॉक्टर सांगतील.

पहिली गोष्ट, ईजीएफआर आम्ही मोजतच नाही. नळीत मोजतो ते फक्त क्रिएटिनिन. त्यात वय आणि बाई की पुरुष एवढं घालून कॉम्प्युटर गणित करतो आणि आकडा छापतो. नावातला 'ई' म्हणजे अंदाज, 'जीएफआर' म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग. सध्या बऱ्याच ठिकाणी २०२१ चं सीकेडी-एपी सूत्र वापरतात. मी हाताने मांडून पाहिलं: ६८ वर्षांच्या बाईला १.१ ला ५५ च येतात, तेव्हा गणित बरोबर आहे. हेच १.१ पंचवीस वर्षांच्या मुलाचं असेल तर ईजीएफआर येतो ९६. क्रिएटिनिन तेच, पण एकाला बाण आणि एकाला शाबासकी.

दुसरी गोष्ट. आईंचं १.१ ऐवजी १.० आलं असतं तर ५५ चे ६१ झाले असते. बाण नसता आणि हा धागाही नसता. आता आतली गोष्ट सांगतो. एकाच माणसाचं रक्त लागोपाठ दोन दिवस घेतलं तर १.० आणि १.१ एवढा फरक काहीही न बिघडता पडू शकतो. लॅब बदलली तर आणखी. क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती चालतात. एक जाफेची, पिक्रिक ॲसिड घालून नारिंगी रंग आणायची. १८८६ सालची आहे, स्वस्त पडते म्हणून अजून जोरात आहे. तिला क्रिएटिनिनसोबत इतरही काही पदार्थ रंग देतात. दुसरी एन्झाइमची, महाग पण नेमकी. रिपोर्टवर आकड्याच्या खाली बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते, ती कोणी वाचत नाही.

तिसरं पोटॅशियम. हा माझ्या डोक्यातला राग आहे, लांबलं तर माफ करा. पोटॅशियम रक्ताच्या पेशींच्या आत ठासून भरलेलं असतं, बाहेरच्या पाण्यात थोडंसंच. दंडाला पट्टा आवळून पेशंटला दहा वेळा मूठ उघड-बंद करायला लावली, की ते बाहेर येतं. बारीक सुईतून जोरात ओढलं, पेशी फुटल्या, की बाहेर येतं. नमुना वेगळा न करता तासन्‌तास पेटीत फिरत राहिला तरी बाहेर येतं. मग ५.३ आईंच्या अंगात होतं की मोटरसायकलच्या डिकीत तयार झालं, हे रिपोर्ट सांगत नाही.

म्हणून विचारतो: रक्त किती वाजता घेतलं, पुढे कुठे गेलं? आणि आई शेवटचं पाणी कधी प्यायल्या होत्या?

निवांत_दुपार
१३ जानेवारी, सकाळी ९:१०

बाप रे. आईला फोन करून विचारलं.

रक्त सातला घेतलं. तो मुलगा त्यानंतर आणखी सहा घरं करणार होता आणि नमुने पुण्याला जातात म्हणाला. मूठ उघड-बंद केली होती.

पाणी आदल्या रात्री आठनंतर थेंब नाही. 'उपाशीपोटी' म्हणजे निर्जळी असंच ती समजली, एकादशी धरल्यासारखं.

आणि एक, जे आम्हाला माहीतच नव्हतं. गुडघा दुखतोय म्हणून त्याआधी पाच दिवस मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती.

पांढरा_डगला
१३ जानेवारी, दुपारी २:३०

शेवटच्या वाक्यासाठीच थांबलो होतो.

मी फिजिशियन आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हा उपचाराचा सल्ला नाही. रिपोर्ट कसा वाचायचा तेवढं सांगतो.

क्रिएटिनिन हा स्नायूंचा रोजचा कचरा आहे. अंगात स्नायू जेवढे, तेवढा तो ठरलेल्या मापाने रोज तयार होतो आणि किडनी तो बाहेर टाकते. एखाद्या वाडीत रोज तेवढाच कचरा निघतो असं समजा. कचरागाडीच्या फेऱ्या निम्म्या केल्या तर कोपऱ्यावरचा ढीग दुप्पट होतो आणि तिथे स्थिरावतो. किडनीचंही तसंच. एखाद्या बारीक चणीच्या बाईचं क्रिएटिनिन मुळात ०.६ असेल आणि किडनीचं काम निम्म्यावर आलं, तर ते होईल १.२. रिपोर्ट तिला 'नॉर्मल' किंवा 'जरासं वर' म्हणेल. लॅबची मर्यादा हजारो लोकांची असते, ढीग मात्र एका घरचा. म्हणून पूर्वी डॉक्टरही फसायचे, आणि म्हणून ईजीएफआर छापायला सुरुवात झाली.

काकांच्या ५५ टक्क्यांबद्दल: हे टक्के नाहीत. दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळला जातो त्याचं ते माप आहे, तेही ठरावीक आकाराच्या शरीराला लावून. निरोगी तरुण माणसात ते साधारण ९० ते १२० असतं. चाळिशीनंतर बहुतेकांचं वर्षाला एखाद्या आकड्याने उतरतं. त्यामुळे ६८ व्या वर्षी पंच्याहत्तर हे काही आजाराचं लक्षण नव्हे. ६० च्या खाली गेलं तर लक्ष द्यायचं, पण एका रिपोर्टवर कुणालाही किडनीचा जुना आजार आहे असं म्हणता येत नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ तो आकडा खालीच राहिला पाहिजे. ही अट सगळ्यात जास्त विसरली जाते, आमच्याकडूनही.

आता आईंच्या पानावर या. अकरा तास पाणी नाही, त्यामुळे युरिया चढला. बीयूएनला क्रिएटिनिनने भागा, एकोणीसच्या आसपास येतं. वीसच्या पुढे गेलं की आम्ही आधी विचारतो, पाणी कमी पडलंय का, पोटात कुठे रक्तस्राव होतोय का, स्टिरॉइड चालू आहे का. आईंचं काठावर आहे आणि निर्जळीशी जुळतं. (युरिया आणि बीयूएन या दोन वेगळ्या तपासण्या नाहीत, बरं का. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया. दोन्ही छापले की पॅकेजमध्ये तपासण्यांची संख्या वाढते.)

त्यात डायक्लोफेनॅक. किडनीत रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवायला शरीर जी रसायनं वापरतं, तीच या गोळ्या अडवतात. तरुण, धडधाकट माणसाला चार दिवस खपून जातं. बीपी, शुगर, वय आणि वर पाणी नाही, अशा वेळी किडनीचा गळाच आवळला जातो. एवढ्याने १.० चं १.१ सहज होतं, आणि पोटॅशियमही थोडं वर सरकतं.

म्हणजे काळजी नाही का? आहे, पण वेगळ्या जागी. सतरा पानांत लघवीची तपासणी कुठे आहे? आणि जुने रिपोर्ट आहेत का?

निवांत_दुपार
१३ जानेवारी, रात्री ८:४५

लघवी पॅकेजमध्ये नव्हती!! बहात्तर तपासण्यांमध्ये व्हिटॅमिन डी आहे, तीन प्रकारचं लोह आहे, जड धातूसुद्धा आहेत. लघवी नाही.

जुने रिपोर्ट आईच्या कपाटातल्या साडीच्या पिशवीत सापडले. २०१९ ला क्रिएटिनिन ०.९. २०२२ ला १.०. दोन्हींवर ईजीएफआर छापलेला नाही.

परीक्षानळी
१३ जानेवारी, रात्री ९:२०

तेव्हाचं वय घालून काढलं. २०१९ ला ७२, २०२२ ला ६२-६३, आता ५५. तिन्ही वेळा क्रिएटिनिन 'नॉर्मल'.

पण तीन वेगळ्या लॅब असतील तर या उतारावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ०.९, १.०, १.१ एवढा फरक माझ्याच दोन मशीनमध्ये पडलेला मी पाहिलाय. पुढच्या वेळी एकच लॅब धरा आणि ती सोडू नका.

पांढरा_डगला
१३ जानेवारी, रात्री ९:४०

सहमत. दोन आठवडे पेनकिलर बंद ठेवून, पाणी नेहमीसारखं पिऊन पुन्हा रक्त द्या. आदल्या रात्री मटण-चिकन नको. शिजलेल्या मांसातून थेट क्रिएटिनिन मिळतं आणि आकडा फुगतो. डाळ कृपया सुरू करा, ४७ किलोच्या माणसाने स्वतःहून प्रथिनं तोडायची काही गरज नाही.

आणि सकाळच्या पहिल्या लघवीचा एसीआर करा. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. साध्या 'युरिन रुटीन'च्या पट्टीवर प्रोटीन 'निल' आलं म्हणून समाधान मानू नका, थोडं अल्ब्युमिन त्या पट्टीला दिसत नाही. शुगरवाल्यांनी ही तपासणी वर्षातून एकदा करायलाच हवी. एसीआर ३० च्या आत असेल तर ५५ कडे मी एका नजरेने बघेन, ३०० च्या वर असेल तर पूर्ण वेगळ्या.

सहा_पॅक
१४ जानेवारी, दुपारी १२:१५

धागा हायजॅक करतोय, सॉरी. वय २८, जिम, रोज ५ ग्रॅम क्रिएटिन पावडर. क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर ७०. आईने पावडरचा डबा कचऱ्यात टाकला. अडीच हजार रुपये.

पांढरा_डगला
१४ जानेवारी, दुपारी ३:००

डब्याबद्दल सहानुभूती. क्रिएटिन पावडर पोटात गेली की त्यातलं काही क्रिएटिनिन होऊनच बाहेर येतं, आणि स्नायूही तुमचे इतरांपेक्षा जास्त. किडनी ठीक असूनही १.४ येऊ शकतं. महिनाभर पावडर बंद करून पुन्हा करा. शंका उरली तर सिस्टॅटिन सी करतात, ते स्नायूंवर अवलंबून नसतं. स्वस्त नाही आणि थायरॉइड, स्टिरॉइडने तेही हलतं, त्यामुळे सरसकट कुणी करत नाही. तुम्हीही लघवी तपासून घ्या.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचं क्रिएटिनिन ०.६ आलं की घरचे खूश होतात. तिथे स्नायूच उरलेले नसतात. कचराच तयार होत नाही, तर ढीग कुठून दिसणार?

टेम्सकाठी
१४ जानेवारी, रात्री ११:५०

मजा सांगते. सासूबाई इथे आमच्याकडे आल्यावर त्यांची तपासणी झाली. ॲपवर क्रिएटिनिन ९७! पुण्याहून दीर, नणंद, नणंदेचे यजमान सगळ्यांचे फोन. रात्रभर कोणी झोपलं नाही. सकाळी कळलं की इथे एकक वेगळं असतं, मायक्रोमोल. ८८.४ ने भागा, ९७ म्हणजे आपलं १.१. युरियाही इथे ७.३ असा येतो. आपल्या मापात आणायचा तर सहाने गुणा. दोन देशांतले रिपोर्ट एकाच फाइलमध्ये लावणाऱ्यांनी आकड्यापुढचं एकक आधी वाचा.

निवांत_दुपार
१५ जानेवारी, सकाळी १०:३०

टेम्सकाठी, ९७ आणि १.१! म्हणजे तुमच्या सासूबाई आणि माझी आई एकाच नावेत. 🙂

गोळीवाला
१६ जानेवारी, रात्री १०:१०

मेडिकल चालवतो. डायक्लोफेनॅक मागायला दिवसाला किती येतात ते सांगत नाही, आमच्याच धंद्याची लाज आहे.

एक भर घालतो. गोळ्यांचा डोस ठरवताना बरेचदा जुनं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र वापरतात, १९७६ चं. त्यात वजन येतं. आईंचं ४७ किलो, क्रिएटिनिन १.१ धरलं तर उत्तर येतं ३६.

निवांत_दुपार
१६ जानेवारी, रात्री १०:१४

अहो! आता हे ३६ कुठून काढलंत? जेमतेम शांत झाले होते मी.

पांढरा_डगला
१७ जानेवारी, सकाळी ८:००

घाबरू नका. ५५ हा ठरावीक आकाराच्या शरीराला लावलेला आकडा, आणि ३६ हा वेगळ्या सूत्राने, आईंच्या स्वतःच्या लहानखुऱ्या शरीरासाठी काढलेला. आजाराची पायरी पहिल्यावरून ठरवतात. काही औषधांचा, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचा, डोस दुसऱ्यावरून. गोळीवाल्यांचा मुद्दा मात्र सोन्यासारखा आहे: लहान चणीच्या म्हाताऱ्या माणसाला कुठलंही औषध 'सगळ्यांना देतात तसं' देऊ नये. शुगरच्या मेटफॉर्मिनचं विचाराल तर ते ईजीएफआरवर बघतात, ४५ च्या खाली डोसचा फेरविचार, ३० च्या खाली बंद.

निवांत_दुपार
३१ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

अपडेट. सोळा दिवस पेनकिलर बंद, गुडघ्याला शेक आणि व्यायाम. पाणी पिऊन गेली. गावातल्याच लॅबमध्ये, तिथेच मशीन आहे. मूठ उघडू-मिटू दिली नाही, आईने त्या मुलीला सांगितलं, "आमच्या हिच्या धाग्यावर नाही म्हणालेत."

युरिया ३१, क्रिएटिनिन १.०, ईजीएफआर ६१, पोटॅशियम ४.६. भाऊ पेढे आणायला निघाला होता.

पण लघवीचा एसीआर ८६.

पांढरा_डगला
३१ जानेवारी, रात्री ९:०५

पेढे थांबवा, पण रडारडही नको.

रक्ताचा तो ठळक आकडा बराचसा निर्जळीचा आणि गोळीचा होता. कामाची बातमी लघवीने दिली, जी सतरा पानांत नव्हतीच. ३० ते ३०० म्हणजे गाळणीतून अल्ब्युमिन झिरपायला लागलंय. शुगर आणि बीपीत हे क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी आधी दिसू शकतं. पण लघवीत जंतुसंसर्ग, ताप, खूप चालणं, यांनीही ते तात्पुरतं वाढतं. तीन महिन्यांत आणखी दोनदा करा. तीनपैकी दोन वेळा जास्त आलं तर ते खरं.

डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, बीपी घरी मोजायला लागा.

खारपाण
२ फेब्रुवारी, दुपारी १:४०

अकोला जिल्ह्यातून लिहितो. आमच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात घरटी कुणीतरी 'किडनीवाला' असतो, आणि लोक पाण्याकडे बोट दाखवतात. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, हे खरंच. तसंच आंध्रच्या श्रीकाकुलममधलं उद्दानम, तिथे शुगर-बीपी नसलेल्या शेतमजुरांनाही किडनीचा आजार आढळला. पण माझ्या काकांचं सांगतो. उन्हात दिवसभर काम, पाणी कमी, रात्री कंबर धरली की पानटपरीवरून सुटी गोळी. तपासणी पहिल्यांदा झाली तेव्हा क्रिएटिनिन ७. त्याआधी एकदाही नाही. तुम्ही ५५ वर धागा काढलात, तायडे, तुमचं बरं चाललंय.

सातबारा
२ फेब्रुवारी, दुपारी २:०२

काका आता?

खारपाण
२ फेब्रुवारी, दुपारी २:३०

आठवड्यातून दोनदा डायलिसिस, जिल्ह्याच्या ठिकाणी. सरकारी योजनेत होतं, पण जायचा-यायचा दिवस मोडतो आणि सोबत एक माणूस लागतो. कापसाच्या दिवसांत तो माणूस कुठून आणायचा?

चकलीचा_सोऱ्या
१४ मार्च, सकाळी ९:३०

काल जागतिक मूत्रपिंड दिनाच्या शिबिराला गेलो होतो. फुकट क्रिएटिनिन केलं. या धाग्यामुळे विचारलं, "लघवी?" तिथला माणूस म्हणाला, "संडास-बाथरूम डाव्या हाताला."

निवांत_दुपार
१८ मे, रात्री ९:१५

बरेच दिवस लिहिलं नाही. मार्चमध्ये एसीआर ७९, एप्रिलअखेर ७४. क्रिएटिनिन दोन्ही वेळा १.०. डॉक्टरांनी फाइलवर 'जी२ ए२' असं लिहिलं. जी गाळण्याचा, ए अल्ब्युमिनचा, आकडा पायरीचा, हे आता आम्हाला पाठ आहे. बीपीची जुनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली आणि पंधरा दिवसांनी रक्त करायला सांगितलं.

ते आज आलं. क्रिएटिनिन १.२, ईजीएफआर ४९. पोटॅशियम ४.९. डॉक्टर म्हणाले चालू ठेवा. भाऊ म्हणतो गोळीनेच किडनी बिघडवली, बंद कर. आई दोघांकडे बघतेय.

पांढरा_डगला
१८ मे, रात्री १०:००

तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. ही गोळी किडनीच्या गाळणीतला दाब उतरवते. दाब उतरला की गाळणं थोडं कमी दिसतं, आणि तो दाब उतरणं हाच गोळीचा फायदा आहे. सुरू केल्यावर क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत वाढलं आणि तिथे थांबलं तर सहसा गोळी बंद करत नाहीत. १.० चं १.२ म्हणजे वीस टक्के. पोटॅशियम साडेपाचच्या खाली आहे. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा.

दोन सूचना. दुकानात 'लो सोडियम' मीठ मिळतं, बीपीला चांगलं म्हणून लोक आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, या गोळीसोबत ते नको. आणि जुलाब-उलट्या लागल्या तर ही गोळी चालू ठेवायची का, हे त्या दिवशी फोन करून विचारायचं, स्वतःहून रेटायची नाही.

निवांत_दुपार
१९ मे, सकाळी ८:१०

मीठ तेच निघालं. भावानेच आणलं होतं. आता तो गप्प आहे.

करूळघाट
१६ जुलै, रात्री १:३५

धागा वर काढतोय, कोणी जागं आहे का? सिंधुदुर्गातून. बाबा ७१. गेले दहा दिवस लावणीच्या चिखलात. चार दिवस ताप, पोटऱ्या खूप दुखतात, डोळे लाल-पिवळे. कालपासून लघवी जेमतेम दोनदा, थोडीशी. संध्याकाळी रिपोर्ट आला, क्रिएटिनिन ४.१, ईजीएफआर १५, पोटॅशियम ६.२. फेब्रुवारीत क्रिएटिनिन १.० होतं. ईजीएफआर १५ म्हणजे शेवटची पायरी का? सकाळपर्यंत थांबू का?

गोळीवाला
१६ जुलै, रात्री १:४१

थांबू नका. १०८ लावा. आत्ता.

पांढरा_डगला
१६ जुलै, रात्री १:४४

आत्ता निघा, जिथे डायलिसिसची सोय आहे तिथे. पोटॅशियम ६.२ हृदयाला धोका देतं, ईसीजी लगेच काढायला सांगा. चिखलातलं काम, ताप आणि पोटऱ्या दुखणं, हे तिन्ही दारातच सांगा, चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाची शंका आहे म्हणा. तापावर कुठली पेनकिलर दिली असेल तर पाकीट सोबत घ्या. पायरीचं विसरा. ईजीएफआरचं सूत्र क्रिएटिनिन स्थिर असेल तेव्हाच चालतं. चार दिवसांत चढलेल्या क्रिएटिनिनला तो १५ लावताच येत नाही. अशी अचानक बंद पडलेली किडनी वेळेत उपचार मिळाले तर बरेचदा परत सुरू होते. टंकत बसू नका.

करूळघाट
१६ जुलै, रात्री १:५२

निघालो.

निवांत_दुपार
१६ जुलै, सकाळी ६:३०

काही कळलं का? आईही विचारतेय.

करूळघाट
२७ जुलै, संध्याकाळी ७:००

सगळ्यांना कळवायचं राहिलं. लेप्टोच निघाला. तीन डायलिसिस झाली. पाचव्या दिवशी लघवी सुटली, नर्सने मापाचं भांडं वर धरून दाखवलं, आम्ही वॉर्डात टाळ्या वाजवल्या. क्रिएटिनिन सहापर्यंत गेलं होतं, मग ३.८, २.२, काल १.४. तीन महिन्यांनी रक्त आणि लघवी दोन्ही करायचंय, ते मी लिहून ठेवलंय.

बाबांनी शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, खालच्या कोपऱ्याची लावणी कोणी केली.